ग्रॅनाइट आधी की विरूपण आधी? क्लोजपेट प्रकल्पाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

आराखडा मंजूर झाला. मार्गदर्शक मॅडमनी शीर्षकातले दोन शब्द उडवले आणि सही केली.

प्रश्न असा. पर्वत घडताना (म्हणजे गिरिजननात) कवच दाबलं जातं, दुमडतं, पिळवटतं; हेच विरूपण. त्याच काळात खालून शिलारस वर येतो आणि थिजून ग्रॅनाइट होतो. हे दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी चाललेलं असेल तर त्यांचं एकमेकांशी काय चालतं? शिलारसाने खडक मऊ पडतो म्हणून विरूपण तिथे गोळा होतं, की विरूपणाने वाटा उघडतात म्हणून शिलारस तिकडे वळतो? पाठ्यपुस्तकांत ग्रॅनाइटांचे तीन खण असतात: गिरिजननाच्या आधीचे, सोबतचे आणि नंतरचे. मधल्या खणात एकदा नाव घातलं की बहुतेकजण पुढे जातात. मला तिथेच थांबायचं आहे.

क्षेत्र कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट. दक्षिणोत्तर सुमारे ४०० किलोमीटर लांब आणि जेमतेम २० ते ३० किलोमीटर रुंद असा हा पट्टा आहे. फ्रेंड आणि नटमन यांनी १९९१ मध्ये झिरकॉन स्फटिकांवरून त्याचं वय २५१.३ कोटी वर्षं काढलं. मोजमापातली अनिश्चितता जेमतेम ५० लाख वर्षांची, इतक्या जुन्या खडकासाठी हे फार नेमकं आहे. त्या काळात पूर्व धारवाड आणि पश्चिम धारवाड हे प्राचीन कवचाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले जात होते.

हाच पट्टा का, तर नंतरच्या काळात हे सगळं कवच कललं. दक्षिण बाजू उचलली गेली आणि तिची झीज जास्त झाली. त्यामुळे दक्षिण टोकाला आज जो खडक उघडा आहे तो तेव्हा सुमारे २० किलोमीटर किंवा त्याहून खोल होता, आणि हंपीच्या बाजूचा १० किलोमीटरच्या आसपास किंवा वर. गाडीने उत्तरेला निघायचं म्हणजे कवचातून वर चढत जायचं. एकाच ग्रॅनाइटचं मूळ आणि शेंडा असा सलग चालत पाहता यावा, अशा जागा जगात फार थोड्या आहेत.

घरी विचारलं गेलं की महाराष्ट्रात दगड कमी आहेत का. दगड भरपूर आहेत, पण आपला बेसाल्ट ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि हे जुनं कवच त्याच्याखाली झाकलेलं आहे. किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टनंतर जुना स्फटिकी खडक लागला. कोयनेच्या वेधनविहिरींत साधारण एक किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णतेने व दाबाने बदललेला पट्टेदार खडक) लागले. आपल्या भूकंपांची मुळं ज्या खडकात आहेत त्याचे भाऊबंद कर्नाटकात उन्हात पडलेले आहेत, म्हणून तिकडे जायचं.

११ नोव्हेंबर

वाचन. जुना वाद म्हणजे जागेचा प्रश्न: एवढा प्रचंड ग्रॅनाइट कवचात शिरला तर आधीचा खडक गेला कुठे? दाब पडत असताना तर जागा आणखीच कमी असायला हवी. हटन यांनी १९८० च्या दशकात आयर्लंडमधल्या डोनेगॉल ग्रॅनाइटवरून दाखवलं, की शिअर झोन (खडक एकमेकांना घासून सरकतात तो पट्टा) चालू असतानाच त्याच्या आत शिलारसाला जागा मिळू शकते. खडक एकमेकांना घासून सरकताना काही ठिकाणी ओढले जातात, तिथे पोकळी पडायच्या आतच शिलारस भरतो. एकूण दाब असला तरी प्रत्येक ठिकाणी दाबच असतो असं नाही.

दुसरा धागा ताकदीचा. रोझेनबर्ग आणि हॅंडी यांनी २००५ मध्ये जुने प्रयोग एकत्र तपासले. खडकात साधारण ७ टक्के वितळ झाली की कणांच्या कडांवरचा द्रव एकमेकांना जोडला जातो आणि खडकाची ताकद एकदम ढासळते. ७ टक्के हा आकडा मनात ठेवून बाहेर पडायचं आहे. नुसत्या डोळ्यांनी जो खडक घट्टच म्हणावा, त्यात एवढा द्रव सहज लपलेला असतो.

२ डिसेंबर, कब्बाळदुर्ग

सुरुवात सगळ्यांत खोल टोकापासून. कब्बाळची खाण भूविज्ञानात प्रसिद्ध आहे. पिचमुथू यांनी १९६० मध्ये इथे नाइसचं चार्नोकाइट या हिरवट खडकामध्ये रूपांतर होताना जणू अर्ध्यावर थांबलेलं दाखवलं. करड्या नाइसमध्ये हिरवट, तेलकट चकाकीचे डाग पसरत जातात, आणि त्या डागांत नाइसचे पट्टे पुसट होतात.

डाग कुठेही पडलेले नाहीत. बरेचसे लहान लहान शिअर पट्ट्यांच्या रेषेवर ओळीने बसलेत. द्रायू (वायूसारखा वाहता पदार्थ, शिलारस नव्हे) त्या रेषांनी आत गेला आणि त्याच्यासोबत खडकाचं खनिजच बदललं. इथे शिलारस अजून आलेलाही नाही आणि विरूपणाने वाट आखून ठेवलेली दिसते. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पहिल्याच खाणीत मिळतंय की काय असं वाटून गेलं, पण इथलं चार्नोकाइट म्हणजे शिलारसातून थिजलेला ग्रॅनाइट नव्हे. इथली वाट द्रायूची आहे.

३ डिसेंबर, कनकपुरा परिसर

आजचा दिवस फार चांगला गेला.

ओढ्याच्या पात्रात धुतलेला उघडा खडक मिळाला. जुना नाइस, त्यात फिकट ग्रॅनाइटी शिरा. काही शिरा पट्ट्यांना समांतर आहेत, काही वलींच्या (खडकाच्या घड्यांच्या) माथ्यांत जमलेल्या आणि काही तिरप्या शिअर पट्ट्यांत शिरलेल्या. तिन्ही एकमेकींना जोडलेल्या आहेत, कुठेही एकीने दुसरीला छेदलेलं नाही. नाइसच्या पट्ट्यातून निघालेली शीर वळून शिअर पट्ट्यात मिसळते आणि तिथून बोटभर जाडीची होऊन बाहेर पडते. कणांचा आकार सगळीकडे सारखा, मध्ये रेघ नाही, कड नाही.

याचा अर्थ तिन्ही ठिकाणचा द्रव एकाच वेळी होता. खडक जिथे वितळला तिथून तो दाबाने निघाला, आणि वली पडताना जिथे जागा झाली व शिअरने जिथे फट दिली तिकडे गेला. एखादी शीर वलीला सरळ छेदून गेली असती तर ती नंतरची म्हणता आली असती. वलीबरोबर पूर्ण दुमडली असती तर आधीची. इथे ती वलीच्या माथ्यात जाड आणि बाजूंना बारीक आहे, म्हणजे वली पडत असताना द्रव सरकत होता.

मॅडमना फोटो पाठवले. उत्तर आलं: "जोडण्या मोज. नुसतं सुंदर आहे म्हणू नकोस." संध्याकाळी उशिरापर्यंत चुन्याने चौकटी आखून शिरांच्या दिशा घेतल्या. शिअर पट्टे जवळजवळ उभे आणि दक्षिणोत्तर आहेत.

५ डिसेंबर, रामनगर

क्लोजपेट हे याच गावाचं जुनं नाव. गावाभोवतीचे ग्रॅनाइटचे बोडके डोंगर दुरूनच दिसतात. रामदेवर बेट्टावर लांब चोचीच्या गिधाडांचं अभयारण्य आहे, त्यामुळे तिकडे हातोडीही न्यायची नाही. आम्ही खालच्या बाजूचे उघडे खडक घेतले.

इथला ग्रॅनाइट कनकपुऱ्याच्या शिरांसारखा नाही. गुलाबी पोटॅश फेल्डस्पारचे मोठे स्फटिक, अंगठ्याएवढे आणि काही त्याहून मोठे, आणि सगळे एका दिशेला माना करून उभे. दिशा पुन्हा दक्षिणोत्तर, उभी. स्फटिक एकमेकांवर कललेले आहेत, कौलांसारखे. द्रवात तरंगणारे लांबट स्फटिक प्रवाहात फिरतात, एकमेकांना अडतात आणि असे टेकून राहतात. कलण्याची बाजू पाहिली की खडक कोणत्या दिशेने घासला गेला ते कळतं. इथे काही डावीकडे कललेत, काही उजवीकडे. दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात. म्हणजे नुसतं घासणं नव्हतं, पूर्व-पश्चिम दाबून चपटं करणंही तितकंच होतं.

स्फटिकांच्या मधला बारीक भाग जवळून पाहिला. क्वार्ट्झ ताणलेला दिसत नाही, निदान भिंगाखाली तरी. घट्ट खडक पिळला गेला असता तर सगळ्यांत आधी क्वार्ट्झ ओढला गेला असता, फेल्डस्पार नंतर. इथे फेल्डस्पार रांगेत आहेत आणि क्वार्ट्झ निवांत आहे. रांग लागली तेव्हा क्वार्ट्झ बनलेलाच नव्हता.

६ डिसेंबर

खाणीत परवानगीने गेलो. तिथे वयस्क पाथरवट अण्णा होते. कन्नड आणि दख्खनी मिसळून बोलत होते, चालकाने मध्ये पडून समजावलं. दगड कोणत्या बाजूने सहज फुटतो ते त्यांनी हात फिरवून दाखवलं. मी होकायंत्राने दिशा घेतली, ती फेल्डस्पारच्या रांगेशी जुळली. फोडण्याची दुसरी सोयीची बाजू आडवी आहे, ती वरचा भार झिजून हलका झाल्याने पडलेल्या भेगांची. तिसरी बाजू "हट्टी", असं त्यांचं म्हणणं. २५१ कोटी वर्षांपूर्वीचा दाब हा माणूस रोज छिन्नीने वाचतो आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दिशा खुणावून नमुने घेतले. चुंबकीय मोजणीसाठी २५ मिलीमीटर व्यासाच्या कांड्या काढल्या. प्रत्येकीवर उत्तर दिशा आणि नती (उताराचा कोन) कोरून ठेवली.

८ डिसेंबर, मागडी, सावनदुर्ग

सावनदुर्गाचा तो एकसंध डोंगर पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माथा १,२२६ मीटरवर. आम्हाला हवा होता तो मागडीच्या बाजूचा एक संपर्क, जिथे करडा ग्रॅनाइट आणि गुलाबी ग्रॅनाइट एकमेकांना भेटतात. सीमा वाकडीतिकडी, काही ठिकाणी एकमेकांत बोटं घातल्यासारखी. म्हणजे दोन्ही अर्धवट पातळ असताना भेटले. स्फटिकांची रांग सीमेला न जुमानता एकीकडून दुसरीकडे सरळ जाते. याचा सावकाश विचार करायचा आहे. नमुने सीमेच्या दोन्ही बाजूंनी घेतले.

१० डिसेंबर, पावगड ते कल्याणदुर्ग

प्रवासाचा दिवस. पावगड किल्ल्याचा डोंगर ग्रॅनाइटचाच. उत्तरेकडे जाताना ग्रॅनाइट विरळ होत जातो, सलग पट्टा तुटतो आणि नाइसमध्ये भित्तींच्या (भेगांत थिजलेल्या भिंतीसारख्या पट्ट्यांच्या) रूपात शिरलेला दिसतो. मोयाँ, जयानंद आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या तुटलेल्या भागाकडे लक्ष वेधलं होतं. त्यांच्या मते दक्षिणेचा मोठा पट्टा म्हणजे स्फटिकांनी दाटलेला गाळ मागे राहिला, आणि त्यातून पिळून निघालेला द्रव भित्तींच्या वाटेने वर जाऊन उत्तरेच्या छोट्या अंतर्वेशनांत (कवचात घुसून थिजलेल्या ग्रॅनाइटच्या राशींत) साठला. फडक्यात टांगलेल्या दह्यावर वजन ठेवलं की पाणी लवकर गळतं आणि चक्का घट्ट होतो, तसं. वजनाच्या जागी इथे गिरिजननाचा दाब.

हे मला सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. विरूपण शिलारसाला नुसती वाट देत नाही, त्याची जातही बदलतं. उरलेल्या गाळाची रासायनिक घडण वेगळी, निघून गेलेल्या द्रवाची वेगळी.

१२ आणि १३ डिसेंबर, हंपी

मातंग टेकडीवरून पाहिलं तर सगळीकडे गोट्यांचे ढीग. ग्रॅनाइट उभ्या-आडव्या भेगांत तुटतो, कोपरे झिजतात आणि गोलाई येते. १५२८ मध्ये कृष्णदेवरायांच्या काळात घडवलेला उग्र नरसिंह अशाच एका अखंड शिळेतून निघाला आहे. संरक्षित क्षेत्रात नमुना घ्यायचा प्रश्नच नाही. तिथे फक्त होकायंत्र आणि भिंग, कांड्या बाहेरच्या परवानगी मिळालेल्या जागेतून.

इथे खडकाचा स्वभाव वेगळा आहे. फेल्डस्पारचे मोठे स्फटिक आहेत, पण रांग सैल. काही ठिकाणी रांगच नाही. जिथे आहे तिथे ती दक्षिणोत्तर राहायचा हट्ट करत नाही, अंतर्वेशनाच्या कडेला समांतर वळते. उपग्रहचित्रावर तर नाइसचे पट्टेही काही ग्रॅनाइटांभोवती वळसा घालताना दिसतात. शिलारसाने आपली जागा ढकलून केली असावी. वरचं कवच थंड आणि ताठ होतं, ते दक्षिणेच्या कवचासारखं वाहत नव्हतं.

म्हणजे एकाच वयाचा, एकाच कुळातला ग्रॅनाइट. खाली विरूपणाच्या तालावर चालणारा आणि वर स्वतःचा आकार घेणारा. कोणी मला फक्त हंपी दाखवून विचारलं असतं, तर हा गिरिजनन जवळपास संपल्यावरचा असं म्हणावंसं वाटलं असतं.

१९ जानेवारी, प्रयोगशाळा

थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे खडकाचे पातळ काप) आले. पहिले रामनगरचे पाहिले.

मोठ्या फेल्डस्पारच्या आत कृष्णाभ्रकाचे बारीक कण स्फटिकाच्या बाजूंना समांतर चौकटीत बसलेत. स्फटिक द्रवात वाढत असताना कडेला चिकटलेले कण पुढच्या थराखाली झाकले गेले, अशा चौकटी घट्ट खडकात बनत नाहीत. रांग द्रव असतानाची, हे पक्कं झालं.

दुपारी मागडीच्या नमुन्यात ती गोष्ट सापडली जिच्यासाठी हे सगळं चाललंय. प्लॅजिओक्लेजचा (फेल्डस्पारचाच एक प्रकार) एक स्फटिक मधोमध तडकलेला. तड स्फटिकाच्या बाहेर जात नाही, आणि तिच्यात क्वार्ट्झ आणि थोडा पोटॅश फेल्डस्पार भरलेला आहे. तोच क्वार्ट्झ बाहेरच्या क्वार्ट्झशी सलग आहे, सूक्ष्मदर्शकाच्या ध्रुवीकृत प्रकाशात दोन्ही एकाच वेळी काळे होतात. स्फटिक मोडला तेव्हा भोवती एवढे स्फटिक दाटले होते की एकाचा भार दुसऱ्यावर पडत होता, आणि तरी शेवटचा थोडा द्रव शिल्लक होता. तो तडेत शिरला आणि तिथेच गोठला. बुशेझ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशाच तडी या टप्प्याची खूण म्हणून मांडल्या होत्या.

किती तरी वेळ सूक्ष्मदर्शकाचं टेबल फिरवत राहिलो. ही अवस्था शिलारसाची म्हणावी तर स्फटिक मोडलेत, खडकाची म्हणावी तर द्रव आहे.

२२ जानेवारी

उरलेले पाहिले. पट्ट्याच्या कडेजवळच्या काही नमुन्यांत क्वार्ट्झ बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनी तुकड्यांत विभागलेला आहे. हे क्वार्ट्झ फार तापलेला असताना, खडक नुकता थिजलेला असतानाच होतं. त्याच्याही बाहेर, एका शिअर झोनमध्ये, क्वार्ट्झच्या फिती झाल्यात आणि फेल्डस्पारच्या कडा बारीक कणांत मोडल्यात. तिन्ही ठिकाणी फोलिएशनची (खनिजांच्या रांगेच्या प्रतलाची) दिशा एकच. द्रव, मग गाळ, मग तापलेला घट्ट खडक आणि मग निवत चाललेला खडक, अशा चारही अवस्थांत एकच दाब काम करत राहिला. ग्रॅनाइट निवताना विरूपण थांबलं नाही, ते आकसून कडेच्या अरुंद पट्ट्यांत गेलं. मधला भाग थिजून ताठ झाला, मग जिथे मऊ उरलं तिथे सगळा ताण गोळा झाला.

हंपीकडच्या नमुन्यांत यातलं फार थोडं दिसतं. क्वार्ट्झ थोडासा लहरींसारखा वाकलेला, बाकी सगळं शांत.

१४ फेब्रुवारी

चुंबकीय मोजण्या पूर्ण. कांडी वेगवेगळ्या दिशांनी फिरवून चुंबकीय ग्राह्यता (खडक किती चुंबकित होतो ते) मोजली की खनिजांची सरासरी रांग कळते, डोळ्यांना न दिसणारीसुद्धा. दक्षिणेकडच्या नमुन्यांत चुंबकीय प्रतल उभं, दक्षिणोत्तर, आणि रेखन (त्या प्रतलातली खनिजांच्या लांबीची दिशा) बरंचसं आडवं. आडवं रेखन लक्षात घ्यायला हवं. शार्दों, जयानंद आणि सहकाऱ्यांनी धारवाडला तप्त गिरिजनन म्हटलंय: कवच इतकं गरम की ते उंच रचलं जाण्याऐवजी पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने बाजूला वाहत गेलं. हिमालयासारखा उंच, जाड ढीग इथे डोळ्यांसमोर आणू नये. आमच्या आडव्या रेखनाशी ते चित्र जुळतं.

उत्तरेकडे विषमता (दिशेप्रमाणे पडणारा फरक) क्षीण आणि दिशा विखुरलेल्या, कडेच्या वळणांप्रमाणे.

२ मार्च

मॅडमबरोबर बसलो. त्यांनी नेमका हवा तो आक्षेप घेतला: "रामनगरची रांग शिलारसाच्या स्वतःच्या वाहण्याने लागली असेल तर? गिरिजननाचा संबंध कशावरून?"

उत्तर मागडीच्या सीमेत आहे. शिलारस स्वतःच्या वाहण्याने रांग लावतो तेव्हा ती त्याच्या कडांना समांतर राहते. करडा आणि गुलाबी हे दोन वेगळे ओघ, दोघांची कड वाकडीतिकडी, आणि रांग त्या कडेला छेदून सरळ दक्षिणोत्तर जाते. शेजारच्या जुन्या नाइसमध्येही तीच दिशा. दोन ओघ आणि एक नाइस यांना एकाच दिशेला लावणारी गोष्ट तिघांच्याही बाहेरची असली पाहिजे. मॅडम म्हणाल्या, नकाशावर दाखव, तोंडी नको.

९ मार्च

नकाशाची सूची बदलली. आधी, सोबत, नंतर हे तीन रंग काढून टाकले, कारण क्लोजपेटच्या प्रत्येक ठिकाणी "सोबत" हाच रंग येत होता आणि त्यातून काहीच कळत नव्हतं. आता रंग आहेत ते विरूपणाची खूण उमटली तेव्हा किती द्रव शिल्लक होता याचे: भरपूर द्रव, थोडा द्रव व स्फटिक मोडलेले, द्रव संपलेला पण खडक तप्त, आणि निवलेला. नवा नकाशा रंगवल्यावर दक्षिणेकडे चारही रंग कडेपासून मध्यापर्यंत ओळीने लागले, आणि उत्तरेला एकच पहिला रंग, तोही फिकट.

कल्याणदुर्गच्या तुटलेल्या भागात रंग भरायला नमुने अपुरे आहेत. भित्तींच्या मधोमधचे आणि कडांचे असे वेगळे नमुने पुढच्या हंगामात घ्यायचे. भित्तीतून वर गेलेला द्रव स्वतःच्या जोराने गेला की खालच्या गाळावरच्या दाबाने, हे तिथल्या कडांजवळच्या स्फटिकांच्या कलावरून कळायला हवं. नाइससकट कापलेल्या तीन शिळा आज कटरकडे दिल्या.